रिसॉर्टच्या आवारातली भाजीची बाग : ठाणे-नवी मुंबईत नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

हा लेख तिघांसाठी आहे. हॉटेलात नुकताच नोकरीला लागलेला माळी किंवा बागेचा सुपरवायझर, रिसॉर्टचा मॅनेजर, आणि मुरबाड-शहापूरकडे पाहुण्यांसाठी व्हिला बांधून आता त्याच्या आवारात खाण्याजोगं काही पिकवावं असं मनात असलेला मालक. तिघांनाही पहिला प्रश्न पडतो, 'कुठली भाजी लावू?' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी हे ठरवा की बागेकडून तुम्हाला काय हवंय.

आधी गुंठ्याचा हिशेब

चाळीस गुंठ्यांचा एकर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. रिसॉर्टमध्ये भाजीला फार तर पाच गुंठे मिळतात, बाकी जागा लॉन, पूल आणि पार्किंगची. भेंडीचं उत्पादन हेक्टरी १० टन धरलं तर गुंठ्याला साधारण १०० किलो बसते, आणि तीही दोन महिन्यांच्या सगळ्या तोडण्या मिळून. म्हणजे रोज दीड-पावणेदोन किलो. साठ पाहुण्यांना एका वेळची भेंडी करायची तर पाच-सहा किलो लागते.

हा हिशेब मालकासमोर पहिल्याच बैठकीत कागदावर मांडा. पाच गुंठ्यांत कांदा, बटाटा, कोबी आणि रोजचा टोमॅटो पिकवून स्वयंपाकघर चालणार नाही. तो माल वाशीच्या घाऊक बाजारातून यायचा तसाच येऊ द्या. वाशीहून जे येताना मरतं, किंवा वाशीत येतच नाही, ते बागेत पिकवा. तोडल्यावर तासाभरात मान टाकणारी कोवळी पानं, भोपळ्याची फुलं, बोटाएवढी काकडी, ओली हळद, हळदीची पानं, अळूची ताजी पानं, वालाच्या ओल्या शेंगा. या गोष्टींची किंमत ताजेपणातच आहे आणि त्या थोड्याच लागतात. पाच गुंठे त्यांना भरपूर झाले.

मुक्कामी माणसाला जागच्या मळ्यातलं ताजं खाऊ घालायचं, ही गोष्ट जुनी आहे. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप टाउनला भाजीचा मळा लावला तो तिथे थांबणाऱ्या जहाजांना ताजं अन्न मिळावं म्हणून. त्याच मळ्यापासून प्रेरणा घेऊन आज दक्षिण आफ्रिकेत बाबिलोन्स्टोरन हे हॉटेल आपली भलीमोठी खाद्यबाग चालवतं. इंग्लंडमध्ये रेमंड ब्लाँ यांनी १९८४ मध्ये सुरू केलेलं ल मॅन्वार हॉटेलही त्याच्या भाजीच्या बागेसाठी ओळखलं जातं. त्यांचे फोटो बघा, मात्र त्यांच्या पिकांची यादी उचलू नका. तिथे जून म्हणजे आपल्यासारखा पाऊस नसतो.

जागा निवडताना

लँडस्केपवाले भाजीच्या बागेला बहुधा उरलेला कोपरा देतात, जनरेटरच्या मागचा किंवा कंपाउंडच्या कडेचा. तो घेऊ नका. बाग स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून दोन-तीन मिनिटांत चालत जाता येईल अशी हवी. शेफला पुदिन्याची काडी आणायला गोल्फ कार्ट मागवावी लागली तर महिनाभरात तो पुदिना बाजारातून मागवायला लागतो.

फळभाज्यांना दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्यांचं चारेक तासांत भागतं. नकाशा पाहून ठरवू नका. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता जागेवर उभं राहून सावली कुठवर येते ते खडूने आखा. मोठ्या विलायती शिरिषाखाली किंवा बदामाखाली टोमॅटो लावून फळ धरणार नाही. तिथे अळू, हळद, आलं, पानओवा, विड्याचा वेल हे सुखाने राहतात, त्यामुळे सावली आहे म्हणून जागा फुकट जात नाही.

शोभेच्या झाडांपासून खाण्याची बाग स्पष्ट वेगळी करा. कण्हेर, पिवळी कण्हेर, डायफेनबेकिया ही हॉटेलांच्या आवारात सर्रास लावलेली झाडं विषारी आहेत. आपण पाहुण्यांना 'तोडा आणि खा' म्हणतो, त्यात लहान मुलंही असतात. मध्ये कुंपण हवं, एकच दार हवं, आणि कुंपणाच्या आत एकही विषारी झाड नको. या नियमाला अपवाद ठेवू नका.

येऊरला असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०१६ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र लागू आहे. तिथे शेडनेटचा सांगाडासुद्धा महापालिका आणि वनखात्याला विचारूनच उभा करा.

माती आणि पाणी तपासल्याशिवाय बी आणू नका

मातीचा नमुना असा घ्या. जागेत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा करा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. सगळी माती घमेल्यात एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या दरम्यान आला तर बहुतेक भाज्या येतात.

मुरबाड-शहापूरकडे जमीन बहुतेक ठिकाणी काळ्या पाषाणावरची, थर पातळ आणि खाली मुरूम. ती सुधारता येते. नवी मुंबईत गोष्ट वेगळी. खाडीकाठचा बराच भाग भराव घालून तयार झालाय. पहार मारली की विटांचे तुकडे, मुरूम आणि कधी खारट ओल हाती लागते. तिथे जमिनीत लावण्याचा हट्ट सोडा, उंच वाफे बांधून बाहेरची माती भरा. जुन्या कारखान्याच्या जागेवर हॉटेल असेल तर मातीत शिसं आणि इतर जड धातू आहेत का, ही तपासणी आधी करून घ्या. खर्च होतो, पण खाण्याच्या बागेत तो टाळू नये.

गच्चीवर किंवा पोडियमवर बाग करायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. एक फूट जाडीचा थर टाकला तरी चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार येतो. कोकोपीट आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण वापरलं तर तो बराच कमी होतो. तरीही वॉटरप्रूफिंग आणि निचऱ्याची वाट नीट केल्याशिवाय एक कुंडीही वर चढवू नये.

पाण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मोठ्या हॉटेलांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असतं आणि तिथलं पाणी लॉनला जातं. लॉनला ते योग्यच आहे. भाजीच्या बागेला, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांना, ते देऊ नका. भाजीची लाइन वेगळी टाका, तिला वेगळ्या रंगाचा पाइप वापरा आणि नळावर मराठी-हिंदीत पाटी लावा, कारण पाइप जोडणारा माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो. पूलचं फिल्टर धुतलेलं पाणी बागेच्या उताराकडे येत नाही ना, तेही पाहा. खाडीजवळच्या बोअरचं पाणी क्षारासाठी तपासा. पानांच्या कडा करपायला लागल्यावर तपासून उपयोग नसतो.

वाफे : सगळं पावसाचा विचार करून

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून इथे सपाट वाफा चालत नाही. गादीवाफा करा: तीन ते साडेतीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, उंची किमान एक फूट, पाणी तुंबणाऱ्या जागी दीड फूट. दोन वाफ्यांमध्ये दोन फुटांची वाट, जिथे पाहुण्यांनी फिरायचं तिथे तीन. वाटांना हलका उतार आणि शेवटी चर. मे महिन्यात बादलीभर पाणी वाटेवर ओतून पाहा. ते कुठे थांबतं ते दिसलं की जुलैत काय होणार ते कळतं.

भरायला दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग भाताचा तूस. तूस इथल्या भातगिरण्यांत सहज मिळतो आणि माती भुसभुशीत ठेवतो. वर वाळलेल्या पानांचं आच्छादन. वाफ्यांवर ठिबक टाका. फवारा नको, कारण पानं सतत ओली राहिली की केवडा या बुरशीच्या रोगाला आयतं निमंत्रण.

कडा कशाने बांधायच्या? पाहुणे येणार म्हणून डिझायनर लाकूड सुचवतात. इथल्या पावसात आणि वाळवीत साधं लाकूड टिकत नाही. जांभा किंवा काळा दगड दिसायला सुंदर, टिकाऊ आणि जवळच मिळणारा.

काय आणि कधी

वर्ष एप्रिल-मेपासून मोजा. तेव्हा वाफे, मांडव, चर ही कामं होतात. मेअखेरीस हळद आणि आल्याचे कंद लावा. मृगाचा पाऊस पडला की वेलवर्गीय: काकडी, दोडका, कारलं, पडवळ, दुधी. त्यांना मांडव हवाच, आणि रिसॉर्टला मांडवाची शोभा आपोआप मिळते. वाटेवर कमान करून पडवळ सोडलं तर पाहुणे तिथे थांबतातच. भेंडी आणि चवळीही याच वेळी. बियाणं घेताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जाती विचारा. कारल्याची 'कोकण तारा', चवळीची 'कोकण सदाबहार' या इथल्या हवेसाठीच काढलेल्या आहेत.

जुलैत पालक-मेथीचा नाद करू नका, पावसाच्या माऱ्याने पानं चिखलात लोळतात. फार गरज असेल तर एका वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर घाला, बाजू उघड्या ठेवा. या काळात अळू मात्र राजा. भाजीचं अळू आणि वडीचं अळू वेगळे लावा आणि शेफला दोन्ही ओळखायला शिकवा.

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं गणपतीच्या सुमारास ट्रेमध्ये टाका, पाऊस ओसरताना लावा. ऑक्टोबरपासून मुळा, मेथी, लाल माठ, कोथिंबीर, गाजर. लेट्यूस, बेसिल, चेरी टोमॅटो, खाण्याची फुलं यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हीच खिडकी. मार्चनंतर ५० टक्के शेडनेटखाली माठ, गवार, चवळी, पुदिना.

कोथिंबिरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण रोज लागते ती हीच आणि नव्या माणसाची फसते तीही हीच. धणा म्हणजे एक बी नसतं, दोन असतात. धणे गोणपाटावर पसरून चपलेच्या तळव्याने हलके रगडा, दोन दलं सुटली पाहिजेत, पण पीठ होता कामा नये. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यात बांधून ठेवा, मग ओळीत पेरा आणि वर बोटाच्या पेराएवढी माती. आठ-दहा दिवसांत उगवतात, चाळीसेक दिवसांत कापणीला येतात. सगळा वाफा एकदम पेरला तर एका आठवड्यात ढीग आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही. वाफ्याचे चार पट्टे करा, दर दहा दिवसांनी एक पेरा. हीच चक्री पेरणी मुळा, माठ, मेथी आणि सॅलडच्या पानांनाही लावा. रिसॉर्टची बाग शेतापेक्षा वेगळी पडते ती इथे. शेतकऱ्याला एका दिवशी टेम्पोभर माल हवा असतो, तुम्हाला रोज सूपभर.

त्यासाठी आठवड्यातून एकदा बाग आणि स्वयंपाकघर समोरासमोर बसलं पाहिजे. सोमवार बरा, शनिवार-रविवारची गर्दी उलगडलेली असते. मार्चमधली अशी एक बैठक ऐकलेली देतो. बाग सांभाळणारी मावशी शहापूरकडची, शेफ मुंबईचा.

"मावशी, लेट्यूस दोनच आठवडे आणखी द्या."

"आता नाय व्हायचा तो, शेफ. ऊन लागलं. तुरा धरलाय त्यानं, कडू लागंल तुमच्या पावण्यांना."

"मग सॅलडला हिरवं काय?"

"लाल माठ देते, चार पानांचा, कवळा. आन् चवळीचं शेंडं. लिंबू पिळा वर."

त्या आठवड्यात मेनूवर माठ आणि चवळीच्या शेंड्यांचं सॅलड लागलं. बाग काय देऊ शकते यावर मेनू ठरला की बाग टिकते. मेनू आधी छापून बागेला हुकूम सोडला की माळी गुपचूप बाजारातून आणून देतो, आणि मग बागेला अर्थच राहत नाही.

हिवाळ्यात एक गुंठा वालाला ठेवा, माझा आग्रह आहे. आपल्या भागात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो, पाणी फार मागत नाही. डिसेंबरअखेरीपासून शेंगा भरल्या की पोपटी लावता येते. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, मीठ, ओवा; मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाणी अजिबात नाही, शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात. भांबुर्डा त्याच दिवसांत बांधावर आपसूक उगवलेला असतो. परदेशी पाहुण्याला किंवा दक्षिण मुंबईतून आलेल्याला हे ताट दुसरीकडे मिळणार नाही.

रानभाज्या : बागेच्या बाहेरची बाग

पहिल्या पावसानंतर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रानटी झाडाचा फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे नीट केली नाहीत तर घसा खाजतो. म्हणून शेवळांबरोबर काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं घालतात, आणि विकणारी बाई दोन्ही एकत्रच देते. आतला पिवळा खाजरा भाग काढून टाकायचा असतो. शेफने हे इंटरनेटवरून शिकू नये. त्या बाईला रोजगार देऊन एक दिवस स्वयंपाकघरात बोलवावं आणि तिच्या हाताखाली करावं.

टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कर्टोली, सगळ्यांचा मोसम जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमकी तुमची पालेभाजी आडवी पडलेली असते तेव्हा. टाकळा आणि कुरडू आवारातच पडीक जागेवर उगवतात. लॉन कापणाऱ्याला सांगून एक पट्टा न कापता ठेवा आणि तिथे तणनाशक कधीही मारू देऊ नका. कर्टोलीचे कंद कुंपणाशी लावता येतात, मात्र नर आणि मादी वेल वेगळे असतात, दोन्ही हवेत. बाकीच्या रानभाज्या जंगलातून उपटून आणायला माणूस पाठवू नका. गावातल्या बायकांकडून विकत घ्या, भाव करत बसू नका, आणि ज्या भाजीची ओळख त्यांनी स्वतः पटवली नाही ती पाहुण्यांच्या ताटात वाढू नका.

गावठी बियाण्यांसाठीही याच लोकांकडे जा. सह्याद्रीच्या पलीकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. आपल्याकडच्या पाड्यांवरही चुलीवर टांगलेल्या गाडग्यांत वालाचं, काकडीचं, भोपळ्याचं बी असतं. मागितलं तर मिळतं, आणि पुढच्या वर्षी थोडं जास्त परत द्यायचं असतं.

खत आवारातच आहे

२०१६ च्या घनकचरा नियमांपासून दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या हॉटेलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी आली. ते ओझं समजू नका. भाजी चिरताना निघालेली सालं, देठं, चहाचा चोथा आणि आवारात रोज झाडली जाणारी पानं यांतून बागेचं सगळं खत होतं. एक घमेलं ओलं, दोन घमेली वाळलेली पानं, असे थर द्या. आठवड्यातून एकदा उलथा. अमोनियाचा उग्र वास आला तर पानं कमी पडली, ढीग कोरडाठाक राहिला तर पाणी कमी पडलं. दोनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत हाती येतं. ताटातलं उष्टं, तेलकट, मांस-मासळी यात घालू नका. त्याने उंदीर, डुकरं, भटकी कुत्री येतात, आणि येऊरसारख्या ठिकाणी कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

जीवामृत करायचं असेल तर २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दोन दिवसांनी मातीला द्या. फळभाज्या, वेल, फळझाडं यांना चांगलं. कच्च्या खायच्या पानांच्या वाफ्यात मात्र ताजं शेण कोणत्याही रूपात नको. तिथे पूर्ण कुजलेलंच खत, आणि कच्चं शेणखत घालायचं झालं तर तोडणीच्या किमान चार महिने आधी.

कीड, गोगलगाय, माकड

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून फडक्यातून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला, एकूण १०० लिटर करून संध्याकाळी फवारा. पिवळे चिकट सापळे लावा. कारली, दोडकी, दुधी यांना फळमाशी डंख मारते, फळ वाकडं होऊन आतून सडतं. त्यासाठी कामगंध सापळे (वासाने नर माशी ओढून घेणारे) आणि डंखलेली फळं रोज वेचून नष्ट करणं, दुसरा उपाय शोधू नका.

पावसाळ्यात शंखी गोगलगायी एका रात्रीत रोपांचा वाफा साफ करतात. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या कडेने अंथरा. पहाटे त्याच्याखाली त्या गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून उचला, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ओळीने आठ-दहा दिवस केलं की फरक दिसतो. मीठ वाफ्यावर टाकू नका, माती खराब होते.

डासांसाठी हॉटेलात धुराची फवारणी होते, लॉनवर आणि शोभेच्या झाडांवर कीटकनाशक मारलं जातं. ते काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे असतं आणि तिला तुमची बाग माहीत नसते. एजन्सीच्या करारातच लिहून घ्या की भाजीच्या बागेपासून ठरावीक अंतरात काहीही मारायचं नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपांवरही आधी काय मारलंय ते सांगता येत नाही. तुळस, बेसिल, रोझमेरी आणली तर जुनी पानं खुडून टाका आणि नवी फूट आल्यावरच स्वयंपाकघरात द्या. शक्य तर बियांपासूनच वाढवा.

माकडांचा त्रास असेल तर टोमॅटो, काकडी, मका जाळीच्या पिंजऱ्यातच. हळद, आलं, अळू, पुदिना, गवती चहा, कारलं यांना ती सहसा हात लावत नाहीत. उघड्यावर हीच लावा.

तोडणी ते ताट

पानं ऊन चढायच्या आत तोडा, सहा ते आठ. स्वच्छ कात्री, स्वच्छ क्रेट, क्रेट जमिनीवर टेकवायचा नाही. तोडल्याबरोबर सावलीत, ओल्या फडक्याखाली. भेंडी एक दिवसाआड, बोटाएवढी असतानाच. एक दिवस चुकला तर जून होते आणि झाड पुढची फुलंही कमी धरतं. कच्ची वाढायची पानं आधी साध्या पाण्याने, मग ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात, मग पुन्हा पिण्याच्या पाण्याने धुवावीत. खाद्यपदार्थांसाठीचं पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरला एक मिली. बागेतलं आहे म्हणून न धुता वाढायचं नाही.

मेनूवर 'ऑरगॅनिक' लिहायची घाई नको. तो शब्द वापरायला प्रमाणपत्र लागतं, २०१७ पासून त्याचे नियम आहेत. 'आमच्या बागेतून' लिहा, आणि तेही जे खरंच त्या दिवशी बागेतून आलंय त्याच्याच पुढे.

पाहुणे बागेत येतात तेव्हा

सकाळची फेरी ठेवा, दहा-बारा जणांपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाला छोटी टोपली, आणि तोडायला एकच ठरलेला वाफा. वाटा रोज झाडलेल्या हव्यात. आच्छादनाखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बागकाम करणाऱ्यांना गमबूट द्या, पाहुण्यांना चपलांवर आत सोडू नका. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतं ते आधीच विचारून ठेवा आणि तो पत्ता, १०८ नंबरसकट, बागेच्या दारावर आतल्या बाजूने लावा.

माणसं

पाच गुंठ्यांना दोन पूर्णवेळ माणसं लागतात. लॉनच्या माळ्याला 'जाता जाता बघ' सांगून बाग होत नाही. आसपासच्या गावातल्या, ज्यांनी परसात भाजी केलीय अशा बायकांना घ्या. त्यांना वेलाचं पान उलटून पाहायची सवय असते. पगार स्वयंपाकघरातल्या मदतनिसाइतका तरी द्या. तोडणीची वही त्यांच्याकडे ठेवा: तारीख, भाजी, वजन, शेफने किती घेतली, किती परत आली. अक्षर येत नसेल तर भाजीची चित्रं काढलेला तक्ता करा, त्यावर रेघा मारता येतात. पुढच्या वर्षी काय कमी लावायचं ते या वहीवरून कळतं.

सुट्टी मंगळवार-बुधवारी द्या, शनिवार-रविवारी पाहुणे असतात. आणि जून-जुलैत भातलावणी आली की ही माणसं आठ-पंधरा दिवस स्वतःच्या शेतावर जाणार, ती जायलाच हवीत. त्यांना अडवू नका, लागवड त्या हिशेबाने ठेवा. त्या पंधरवड्यात बागेत चढलेले वेल, अळू, हळद, आलं एवढंच असावं. ठिबक तेव्हा बंदच असतं, आणि काकडी-दोडकी तोडायला स्वयंपाकघरातला एक माणूस सकाळी तासभर आला की भागतं.